पट्टीखालचं बटण

प्रिय ढापण्या,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू काय करतोस ते आता मला पाठ झालंय. बरं आहे, बरं आहे, तू कसा आहेस, थांब हिच्याकडे देतो, की फोन वहिनींच्या हातात. मग वहिनी आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि मागे तुझ्या चपला गॅलरीकडे फटकफटक करत गेलेल्या मला ऐकू येतात. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन पळता येत नाही. दिलंसच तरी वहिनी ते तुला परत देतील, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा चष्मा पूस, खुर्चीत नीट बस आणि निमूटपणे वाच. मधली पानं गाळून शेवटाकडे उडी मारायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी ती चालणार नाही.

तुझं ते कार्ड समोर ठेवूनच लिहितोय. गाण्यांचा संच विकून टाक, कुणालाही दे, मला आता त्याचा उपयोग नाही. बस्स, एवढंच. अरे, अर्धं आयुष्य बरोबर काढलेल्या माणसाला निदान पानभर तरी लिहावं! तुझ्या कानातली गाठ काढली, जीव वाचला, पण डावा कान गेला, हे सगळं मला तुझ्या लेकीकडून कळलं. पुढे तुम्ही तिच्याकडे राहायला गेलात, इथलं घर रिकामं केलंत, तेव्हा तू खाली टेम्पोत बसून होतास आणि संच माझ्याकडे मी आणि ड्रायव्हर वाहून आणत होतो. त्या ॲम्प्लिफायरनं माझी कंबर धरली, मी जिन्यातच देवाचा धावा केला, तर तू टेम्पोची काच वर केलीस. तेव्हा मला तुझा असा राग आला होता म्हणून सांगू! आता नाही येत. तू काच का वर केलीस ते मला आता कळलंय, पण ते पुढे सांगतो, ओघात येईल.

तुझी लेक परवा मला विचारत होती, काका, बाबांनी तो संच कुठल्या दुकानातून घेतला हो? मी म्हटलं, बाई गं, दुकान कसलं डोंबलाचं! दुकानाच्या काचेला नाक लावून आम्ही उभे राहायचो, किमतीची चिठ्ठी वाचायचो आणि गुपचूप चहा प्यायला जायचो. ॲम्प्लिफायर आला तो नाचाचा क्लास बंद पडला म्हणून. नाचाच्या बाईंना तो धोंडा जिन्यावरून खाली नेणारं कुणीतरी हवं होतं, आणि आपण दोघं बिनडोक तिथून जात होतो. स्पीकर शाळेच्या अडगळीतले. त्यांच्या कडेचा फोम इतका कुजलेला की बोट लावलं की काळा भुगा. तो भुगा तू तुझ्या बसडेपोतल्या कटरनं खरवडलास आणि नवी कडा मी माझ्या बारीक ब्रशनं चिकटवली, माझ्याच कामाच्या टेबलावर, शेजारी एका आजोबांची कवळी पॉलिशची वाट बघत पडलेली. आजोबा बिचारे तोवर पेज पीत होते. रेकॉर्ड प्लेअर तुमच्या बसडेपोच्या करमणुकीच्या खोलीतला, त्याचा रबरी पट्टा सैल होऊन गाणं पेंगायचं. पट्टा बदलला, आवाजाच्या बटणाची खरखर फवारा मारून आणि पुन्हा पुन्हा फिरवून घालवली, आणि सुई तेवढी नवीकोरी घेतली, कारण बोथट सुई तबकडी खाते असं तू मला दम देऊन सांगितलं होतंस. बाकी सगळं लोकांनी टाकलेलं. लोक येऊन विचारायचे, एवढा भारी संच परवडला कसा रे तुम्हाला? आपण नुसते मिशीत हसायचो.

आणि सगळं जुळवून झालं तरी आवाज कसा आला होता आठवतंय? पिपात बसून गाणी ऐकल्यासारखा. मी म्हटलं, चला, भंगारातलं भंगार. तू मात्र खिशातून सुतळी काढलीस. या स्पीकरपासून त्या स्पीकरपर्यंत एक सुतळी, आणि दोन्हींपासून खुर्चीपर्यंत तेवढीच. खुर्चीच्या पायांना खडूच्या खुणा. कोपऱ्यातून स्पीकरची खोकी बाहेर ओढली, मागे पुस्तकांचं कपाट आलं, समोरच्या उघड्या भिंतीवर वहिनींची जुनी रजई टांगली. वहिनी म्हणाल्या होत्या, आता मी काय पांघरू, गाणं? मग तू आपल्या त्या गाणाऱ्या बाईंची तबकडी लावलीस, जी माझ्या घरी वाजून वाजून गुळगुळीत झाली होती, आणि मला म्हणालास, बस खुर्चीत. मी बसलो. व्हायोलिन थांबलं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी बाईंनी श्वास घेतला.

इतक्या वर्षांत तो श्वास आपल्याला कधी ऐकू आला नव्हता रे. बाई खोलीत आल्या होत्या! माझ्यासमोर, रजईच्या अलीकडे, उभ्या होत्या. माझी दातखीळच बसली. तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखलंस आणि मला ढकलून स्वतः खुर्चीत बसलास. तेव्हापासून आपला नियम ठरला. मधली खुर्ची एकच, म्हणून तबकडीची एक बाजू तुझी, एक माझी, आणि ज्याची पाळी नाही त्यानं बाजूच्या स्टुलावर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. काहीही बदललं, तार, सुई, पडदा, की एकच प्रश्न, श्वास येतो का? लोकांची काय काय मोजमापं असतात, आपली ही एवढीच होती.

तर आता तुझ्या कार्डाचं. मी तुझा शब्द मोडला नाही. वाण्याच्या दुकानाशेजारी पाटी लावली, चांगल्या अक्षरात. संच माझ्या मागच्या खोलीत मांडला, जिथे फळ्यांवर कवळ्यांच्या मापाचे ते प्लास्टरचे जबडे ठेवलेले असतात. तू नेहमी म्हणायचास ना, गुळगुळीत भिंतीवर आवाज आपटतो, खडबडीत वस्तूंत तो विरतो? मग जबड्यांइतकं खडबडीत काय असणार! खोलीत आवाज झकास लागतो. फक्त आलेला माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नुकतं लग्न झालेलं जोडपं. मुलीनं स्पीकरवर टकटक केलं, लाकूड छान आहे म्हणाली, आणि यावर कुंड्या किती मावतील ते नवऱ्याला विचारलं. मी सांगून टाकलं की आत पूर्वी उंदरांचं बिऱ्हाड होतं. गेली बिचारी. दुसरा आला तो साहेबी थाटाचा, अंगठ्याएवढी जाड तार बरोबर घेऊन. प्रत्येक गाणं थोडंसं ऐकायचं आणि सुई उचलायची, थोडंसं ऐकायचं आणि उचलायची, आणि सारखं घरातल्या यंत्रांची नावं सांगायची. बाईंच्या श्वासाच्या वेळी तो बोलत होता, ढापण्या! मी त्याला म्हटलं, माफ करा, कालच विकला गेला. तिसरा व्यायामशाळेचा मालक, त्याला खिडक्या हादरवणारा आवाज हवा होता. मी जबड्यांच्या फळीकडे बोट दाखवून म्हटलं, हे सगळे या आवाजानंच असे झालेत. तो हसलासुद्धा नाही, सरळ निघून गेला. आमची ही हे सगळं दारातून बघत होती. म्हणाली, तुम्हाला विकायचं नाहीये हो, उगाच त्या लोकांचे हेलपाटे कशाला? मी नाक मुरडलं आणि कामाला लागलो, पण तिचं खोटं नव्हतं.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. माझा नव्हे, त्यांचा. तू झोपला होतास. वहिनी तक्रार करणाऱ्या नव्हेत, तुझ्याशी संसार केलाय म्हणजे बघ. पण त्या दिवशी त्या बोलल्या. घरात रेडिओ लागला की तू उठून गॅलरीत जातोस. नातीच्या खेळण्यातलं गाणं वाजलं तरी जातोस. लेक पोळ्या लाटताना गुणगुणते ती तू आलास की गप्प होते. आता सगळेच तुझ्यासमोर हळू बोलतात आणि तुला ते अजूनच ऐकू येत नाही. घर मुकं झालंय हो भावजी, असं म्हणाल्या. आणि मग ते सांगितलं, जे तू मला सांगितलं नव्हतंस. ऑपरेशननंतर इथल्या घरी परत आल्यावर तू एकदा संच लावला होतास. खुर्चीत बसलास, खुणांवर, मधोमध. तीच तबकडी. थोड्या वेळानं सुई उचललीस, कपाटातून चादर काढलीस आणि सगळं झाकून टाकलंस. वहिनींनी विचारलं, काय झालं? तर म्हणालास, बाई आल्या नाहीत.

मी फोन ठेवला आणि हातातला साचा तसाच टाकून बसून राहिलो. खरं सांगतो, रडलो मी. म्हाताऱ्या माणसाला जबड्यांपुढे बसून रडताना कुणी बघितलं नाही ते बरं झालं. तू काच वर केलीस ती माझ्या तोंडावर नव्हती. तो संच जिन्यावरून जाताना तुला बघायचा नव्हता.

त्यानंतर पोहणंवाल्या बाई आल्या. नाव बिव काही नाही, आम्ही त्यांना हेच म्हणतो. तलावावर मुलांना पोहायला शिकवतात, गळ्यात शिट्टी, केस आखूड नि ओले, आणि आवाज असा की फळीवरचे जबडे वाजावेत. पाटी वाचून आल्या होत्या. तबकडी लावली तशी मी त्यांना मधली खुर्ची दिली. त्या बसल्या, ऐकलं, आणि न विचारता खुर्ची हलवली! तुझ्या खडूच्या खुणा मी माझ्या खोलीतही आखल्या होत्या, सुतळीनं मोजून. त्या खुणा ओलांडून बाईंनी खुर्ची डाव्या बाजूच्या स्पीकरकडे फरफटत नेली आणि त्याच्याकडे डावा कान करून आडव्या बसल्या. मी म्हटलं, अहो, तिथून काही कळणार नाही. तर म्हणाल्या, मला मधून कळत नाही, काका. लहानपणी गालगुंड झालं, त्यात उजवा कान गेला. दोन खोक्यांच्या मधोमध बसलं की मला नुसता गोंगाट. या यंत्रावर ते एकत्र करायचं बटण असेल ना? जुन्यांवर असतं. नव्यांवर शोधून सापडत नाही, म्हणून तर मी जुनं शोधत फिरते.

आता तुला आठवलं असेल. तू हसतोयस का? हस, हस. त्या रविवारी तुझ्या घरी व्हायोलिन डावीकडून आणि पियानो उजवीकडून यायचा, ते दोघं अचानक मधे येऊन एकमेकांच्या मांडीवर बसले होते. पाचावर धारण बसली आपली! तू म्हणालास, आतलं काहीतरी जळालं. आपण ॲम्प्लिफायर उलटा केला, झाकण काढलं, एकेक तार हलवून बघितली, तू वास घेतलास, मी वास घेतला, जेवायला हाक आली तर गेलो नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळं परत बसवलं तेव्हा एक स्क्रू उरला आणि आवाज होता तस्साच. तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, काल पुसताना त्याचं एक बटण आत गेलं, ते बाहेर असायला हवं होतं का? तुझं तोंड मी जन्मात विसरणार नाही. दोन्ही खोक्यांत वाटलेलं गाणं एक करून दोन्हींत सारखंच सोडायचं, एवढंच काम त्या बटणाचं. तू ते बाहेर काढलंस, औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आणलीस आणि त्यावर अशी चिकटवलीस की पुन्हा म्हणून कुणी हात लावू नये. आपल्या लेखी ते बटण म्हणजे साक्षात शत्रू. पट्टी पिवळी पडली, मळली, पण कुणी काढली नाही.

ती पट्टी पोहणंवाल्या बाईंनी नखानं उचकटली. मी अहो अहो करेपर्यंत बटण आत! मग म्हणाल्या, आता त्या दुसऱ्याची तार काढा. मी यंत्र बंद केलं, तार काढली, परत चालू केलं, मनात तुझी माफी मागत. एकच खोकं वाजायला लागलं. बाईंनी डोळे मिटले आणि तबकडीची अख्खी बाजू ऐकली, मधे एक शब्द नाही. सुई उचलल्यावर म्हणाल्या, या बाई श्वास छान घेतात, पोटातून. माझी पोरं घेत नाहीत. हात्तिच्या, मी तर बघतच राहिलो! मी काही विचारलं नव्हतं, की काही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना संच देऊन टाकणार होतो. तुझी शपथ, देणार होतो, इतका मला आनंद झाला होता. पण त्यांनी विचारलं, हा आहे कुणाचा? आणि मी बोलत गेलो. तुझा कान, सुतळी, चादर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठल्या. मला नको म्हणाल्या. मी म्हटलं, का हो? तर म्हणाल्या, ज्याचा आहे त्याला अजून हवाय, काका. नको असता तर चादर कशाला घातली असती, नुसतं बंद केलं असतं. आणि जाताना हेही म्हणाल्या की मला दोन कानांचं कधी माहीतच नाही, म्हणून मला सोपं गेलं. तुमच्या मित्राला जड जाईल, त्यांना उगाच गोड गोड सांगू नका.

म्हणून मी गोड काही सांगत नाही. आधी स्वतः बघायचं ठरवलं. जबड्याचा साचा ज्या मसाल्यानं घेतो ना, तो मी माझ्याच डाव्या कानात भरला. घाबरू नकोस, आत कापूस होता. त्यावरून गुलाबी बोळा बनवला, हिरड्यांच्या रंगाचा, अगदी मापात, आयुष्यात पहिल्यांदा दात नसलेलं काहीतरी केलं. तो घातला की डावीकडचं जग जवळजवळ बंद. पूर्ण तुझ्यासारखं होत नाही हे मला माहीत आहे, पण त्यातल्या त्यात. आणि मग तो दिवसभर घालून हिंडलो. हिनं हाक मारली की मी भलत्याच खोलीत जायचो. रस्त्यावर सायकलवाल्यानं माझा उद्धार केला, तो कुठून आला ते मला कळलंच नाही. जेवताना भांडी वाजली की बोलणं त्यात बुडायचं, आणि एकाच गोष्टीला दोनदा काय म्हणालीस विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची, मग मी नुसता मान हलवायचो. संध्याकाळपर्यंत डोकं असं शिणायचं की कुणी बोलूच नये असं वाटायचं. मला गॅलरी असती तर मीही तिथेच जाऊन उभा राहिलो असतो. मी रात्री बोळा काढून डबीत ठेवायचो. तुला तो काढता येत नाही, हे रोज डबी बंद करताना आठवायचं आणि मला फार वाईट वाटायचं. मी तुला आळशी म्हणालो, तुसडा म्हणालो, आमच्या हिच्यापाशी तर बरंच काय काय म्हणालो. ते सगळं मागे घेतो.

पण बोळा घालून मी ऐकत मात्र राहिलो. रोज दुपारी, काम बाजूला सारून. मधली खुर्ची नाही, दोन खोकी नाहीत. एकच खोकं, उजवीकडचं, बटण आत दाबून. कोपऱ्यात ठेवलं तर आवाज ढोलासारखा घुमतो. लांब ठेवलं तर खोलीच जास्त ऐकू येते, गाणं कमी. खाली ठेवलं तर बाई तळघरातून गातात. टेबलावर चढवलं, कानाच्या उंचीला आणलं, जरासं माझ्याकडे वळवलं, खाली रबराचे तुकडे दिले, मागच्या फळीवरचे जबडे दाटीनं मांडले. आमच्या हिला वाटलं मला वेड लागलं, आणि ते तिनं मला उजव्या कानात येऊन सांगितलं. सगळं करून गाणं स्वच्छ आलं, व्हायोलिन आलं, शब्द आले, पण श्वास येईना. दिवस गेले, येईना. मी पार कंटाळून गेलो. आणि मग एका दुपारी खुर्ची माझ्याच पायानं ढकलली गेली, थोडीशी तिरपी, जशा पोहणंवाल्या बाई बसल्या होत्या तशी, उजवा कान खोक्यासमोर आणि तोंड खिडकीकडे. मी ती सरळ करायला उठणार होतो, तोच तबकडी श्वासाच्या जागेवर आली. मी उठलोच नाही. पुन्हा सुई मागे नेली, पुन्हा ऐकलं. मग खडू आणला, खुर्चीच्या पायांना खुणा केल्या आणि सुतळीनं अंतर मोजून गाठ मारली. एकच सुतळी आता, त्रिकोणबिरकोण काही नाही.

तर ढापण्या, आता ऐक, हे पत्र कशाला लिहिलंय ते. येत्या रविवारी सकाळी पोहणंवाल्या बाई त्यांची पोहण्याची फळकुटं वाहायची गाडी काढतायत, आणि मी तुझ्याकडे येतोय. बरोबर ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, त्या बाईंची तबकडी, ती सुतळी, वहिनींची रजई आणि उरलेला स्क्रू, जो कुठला आहे ते तूच शोध. खोकं मात्र एकच आणतोय, उजवं. डावं माझ्याकडे राहील, माझ्या घरच्या जुन्या छोट्या यंत्रालाही तसलं बटण निघालंय, इतकी वर्षं मी त्याकडे बघितलंच नव्हतं. तुझ्या लेकीनं तुझ्या खुर्चीच्या उजवीकडची जागा रिकामी केलीय, मापं मी फोनवर वहिनींना दिली होती, हवापाण्याच्या गप्पा म्हणून. तू गॅलरीत जाऊन उभा राहिलास तर मी बाहेर येऊन तुला धरून आणीन, माझ्या कंबरेचा विचार न करता. बटणावर मी नवी चिकटपट्टी लावलीय, तुझ्यासारखीच घट्ट. ती मी काढणार नाही, वहिनी काढणार नाहीत, ती तूच काढायची. बाई पूर्वीसारख्या मधोमध येऊन उभ्या राहत नाहीत, ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण श्वास येतो, ढापण्या. मी एका कानानं ऐकलाय.

तुझाच,
कवळीवाला